शिसव की शीशम? पॉलिशखालचं लाकूड ओळखताना

गडद पॉलिश केलेलं कपाट 'शिसवी' म्हणून दाखवलं जातं आणि पुष्कळदा ते निघतं शीशमचं. दोन्ही झाडं डालबर्जिया या एकाच प्रजातीतली, बाजारात दोन्ही 'रोझवूड' म्हणून खपतात, त्यामुळे घोटाळा साहजिक आहे. शीशम हलक्या प्रतीचं लाकूड मुळीच नाही. पण शिसवाचे पैसे मोजणाऱ्याला शिसवच मिळायला हवं.

पॉलिश न लागलेली जागा शोधा : खणाचा तळ, पलंगाच्या फळीची आतली बाजू. शिसवाचा गाभा जांभळट तपकिरी, त्यात काळ्या रेघा. शीशमचा सोनेरी तपकिरी, गडद पट्ट्यांचा. काळपट रंग देऊन शीशमला शिसवाचं रूप देता येतं, म्हणून दर्शनी भागावर विसंबू नये. कडेला पांढरट पट्टा दिसला तर ते सालीजवळचं लाकूड. त्यावरून झाड कळत नाही, कारण ते दोन्हींत असतं. मात्र कीड आधी तिथेच लागते, तेव्हा असा नग नाकारलेलाच बरा. ताज्या शिसवावर रंधा मारला की गोडसर वास सुटतो, शीशमला तो जवळजवळ नसतो. वजनाचा भरवसा धरू नका. वाळलेलं शिसव घनमीटरला साधारण 830 किलो भरतं आणि शीशम 770, एवढा फरक हाताला कळत नाही.

सुताराला मात्र फरक लगेच जाणवतो. शिसवाचे धागे उलटसुलट गुंफलेले असतात, त्यात चुनखडीसारखे क्षार साठलेले असतात आणि पटाशीची धार बघता बघता जाते. एवढं सोसूनही कारागीर ते सोडत नाहीत. म्हैसूरच्या जडावकामाची पार्श्वभूमी शिसवाचीच असते. गिटारची पाठ आणि कडा यांसाठीही त्याला जगभर मागणी आहे. ब्राझीलच्या रोझवूडचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1992 मध्ये जवळजवळ थांबला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून गिटार बनवणारे आपल्या शिसवाकडे वळू लागले होते. शीशमचं नाव घ्यायचं तर सहारनपूरचं कोरीव काम.

झाड उभं असेल तर पान बघा. शिसवाच्या पर्णिकेचं (संयुक्त पानातल्या छोट्या पानाचं) टोक बोथट किंवा किंचित खाचलेलं, शीशमचं निमुळतं, टोकदार. शिसव सह्याद्री आणि दक्षिणेकडच्या जंगलांत सावकाश वाढतं. शीशम मूळचं हिमालयाच्या पायथ्याचं, नदीकाठच्या गाळात भराभर वाढणारं, म्हणून कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेने ते मुद्दाम लावलं जातं. धोक्यात आलेल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत शिसव 'असुरक्षित' गटात आहे, शीशमला तसा धोका नाही.

जानेवारी 2017 पासून साइट्स (CITES) या, धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने सगळ्या डालबर्जियांच्या व्यापारावर नियंत्रण आणलं आणि मुबलक असलेलं शीशमही त्यात अडकलं. हस्तकलेच्या निर्यातीला त्याचा मोठा फटका बसला. अखेर 2022 मध्ये पनामाच्या बैठकीत भारताने शीशमसाठी सवलत मिळवली : प्रत्येक नग 10 किलोंपेक्षा कमी असेल तर एका खेपेत कितीही नग साइट्स परवान्याशिवाय पाठवता येतात. ही सवलत रास्तच होती.

तेव्हा बिलावर नुसतं 'रोझवूड' लिहून घेऊ नका, शास्त्रीय नाव मागा. डालबर्जिया लॅटिफोलिया म्हणजे शिसव, डालबर्जिया सिस्सू म्हणजे शीशम.