चुडेल (विदर्भ)

गरोदरपणी, बाळंतपणात किंवा बाळंतपणाचा विटाळ फिटण्यापूर्वी मरण पावलेल्या स्त्रीचे भूत. विदर्भाच्या खेड्यांत स्त्रीभुताला सामान्यतः हेच नाव आहे. 'हडळ' हा शब्दही समजतो. उलटी पावले, मोकळे केस, चिंचेच्या झाडावरचा वास ही लक्षणे सर्वपरिचित आहेत.

शब्द हिंदी 'चुड़ैल'शी एकरूप असून मध्य भारतातील हिंदी-मराठीच्या जुन्या शेजारातून तो इकडे रुळला असावा. व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. विल्यम क्रुक यांनी उत्तर भारतातील लोकधर्मावरील आपल्या ग्रंथात (१८९६) हे नाव 'चुहडा' या सफाईकाम करणाऱ्या जातीशी जोडले जाते, असे नोंदवले. ध्वनिसाम्यापलीकडे या मताला आधार दिसत नाही. शिवाय याच ग्रंथातील चुडेलीची व्याख्या जातीवर नव्हे, तर मरणाच्या वेळेवर उभी आहे. तेव्हा हे मत बाजूला ठेवणेच बरे. यक्षिणीवरून जखीण, डाकिनीवरून डाकीण अशी सरळ परंपरा 'चुडेल'बाबत दाखवता येत नाही.

स्त्रीभुतांच्या वर्गीकरणाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. रे. ए. एन्थोवेन यांच्या मुंबई इलाख्याच्या लोकसमजुतींवरील ग्रंथात (१९२४) सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतीण मेली तर हडळ किंवा अळवंतीण, अशी विभागणी येते. पुढे ती सबंध महाराष्ट्राची म्हणून उद्धृत होत राहिली. मात्र वऱ्हाड व नागपूर प्रांत तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले आणि विदर्भ महाराष्ट्रात आला तो १९६० मध्ये. विदर्भासाठी रसेल व हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंड (१९१६) अधिक जवळचे आहेत. कोकण-देशावरची विभागणी येथे जशीच्या तशी लावू नये. येथे सौभाग्य-वैधव्यापेक्षा बाळंतपणच निर्णायक दिसते.

बंदोबस्ताचे विधी याला पुष्टी देतात. अशा स्त्रीच्या प्रेताच्या वाटेवर मोहरी किंवा धान्याचे दाणे टाकत येणे ही प्रथा उत्तर व मध्य भारतात अनेक ठिकाणी नोंदलेली आहे. दाणे वेचता वेचता पहाट होते आणि ती घरापर्यंत पोचत नाही, अशी समजूत. घरात जिवंत बाळंतिणीच्या बाजेखाली विळा ठेवतात, उशाशी लोखंडाचा तुकडा असतो, शेगडी विझू देत नाहीत, पाचवीला सटवी पुजतात. एकच विळा आईला चुडेलीपासून राखतो आणि आईची चुडेल होऊ नये म्हणूनही असतो. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, जंतुसंसर्गाचा ताप आणि आकडी यांनी तरण्या बायका दगावत, त्या काळाची ही भीती आहे. चुडेल म्हणून जिच्या नावाने पोरांना भीती घातली जाते, ती बहुधा त्याच गावची विशीतली सून असते, हे या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये.

पुरुषांच्या गोष्टींत तिचे रूप बदलते. जागलीला (रात्री शेत राखायला) गेलेल्या माणसाला ती धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), नाल्याकाठी किंवा पांदणीत (शेताकडे जाणाऱ्या वाटेवर) भेटते, तंबाखू-चुना मागते, नावाने हाक मारते. पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असा दंडक आहे. झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) हीच भेट बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीवर होते.

चेटकीण ही जादूटोणा करते असे मानली गेलेली जिवंत स्त्री. तिला चुडेलीत मिसळू नये. हा केवळ शब्दांचा काटेकोरपणा नाही, कारण चेटकीण ठरवलेल्या बाईला मार खावा लागतो. 'बाहेरचं' (भूतबाधा) झाल्याच्या नावाखालीही आजारी सुनेला भगताकडे नेऊन मारहाण, मिरचीची धुरी असे प्रकार होत आले. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) कीर्तनांतून अंगारे-धुपारे व बळी यांवर कोरडे ओढले. भूत उतरवण्याच्या बहाण्याने मारहाण करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मेळघाटातील कोरकू आणि गडचिरोलीतील माडिया यांच्या मृतात्म्यांविषयीच्या कल्पना स्वतंत्र असून त्यांना 'चुडेल' हे नाव लावणे योग्य नाही.