वड्याचे तेल वांग्यावर का निघते?

कार्यालयात साहेबांचे बोलणे मुकाट्याने ऐकून घेतलेला माणूस घरी येऊन मुलावर खेकसतो, तेव्हा त्याने वड्याचे तेल वांग्यावर काढले असे आपण म्हणतो. मानसशास्त्रात यालाच ‘विस्थापित आक्रमकता’ असे जड नाव आहे. आपली म्हण त्याहून नेमकी वाटते.

येल विद्यापीठातील जॉन डॉलर्ड आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये असे मांडले की, प्रत्येक आक्रमक कृतीमागे वैफल्य असतेच, आणि अडवणूक करणारा बलवान असेल तर रोख दुबळ्याकडे वळतो. हे विधान फारच ठाम होते. त्यांच्यापैकीच नील मिलर यांनी १९४१ मध्ये वैफल्यातून इतर प्रतिक्रियाही उमटू शकतात असा खुलासा केला.

पण वैफल्य आलेला माणूस नेमके काय करील, हे कशावरून ठरते? स्टॅनफर्ड येथे अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये ७२ बालकांवर केलेला प्रयोग येथे महत्त्वाचा ठरतो. काही मुलांसमोर एका प्रौढ व्यक्तीने ‘बोबो’ नावाच्या फुगवलेल्या बाहुलीला हातोडीने बडवले आणि तसे करताना काही वाक्येही उच्चारली. नंतर सर्वच मुलांना आकर्षक खेळणी दाखवून ती काढून घेण्यात आली, म्हणजे वैफल्य सर्वांच्या वाट्याला आले. मात्र मारझोड पाहिलेल्या मुलांपैकी अनेकांनी तेच फटके आणि तीच वाक्ये जशीच्या तशी वापरली. बांडुरा यांच्याच १९६५ च्या प्रयोगात मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहणारी मुले कमी अनुकरण करत होती, परंतु बक्षीस देऊ केल्यावर त्यांनीही सारे करून दाखवले. शिक्षा पाहून ती थांबली होती, पण शिकायची राहिली नव्हती.

राग बाहेर काढला की मन हलके होते, ही समजूत मात्र या विषयातली सर्वांत चिवट. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थ्यांच्या निबंधांवर मुद्दाम जहरी शेरे देऊन त्यांना चिडवले आणि काहींना त्या टीकाकाराला मनात आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितले. त्यानंतर टीकाकाराला कर्कश आवाज ऐकवण्याची संधी दिली असता, हेच विद्यार्थी सर्वांत संतप्त आणि सर्वांत आक्रमक निघाले. सर्वांत कमी आक्रमक ठरले ते दोन मिनिटे नुसते स्वस्थ बसून राहिलेले विद्यार्थी.