पिशवी काढल्यावरचं इस्ट्रोजेन आणि रक्ताच्या गुठळ्या

आमच्या सांगली-मिरजेकडं "तिची पिशवी काढली" हे इतकं सहज सांगतात, पण सोबत अंडाशयं काढली का ठेवली हे कित्येकदा त्या बाईलाही माहीत नसतं, आणि खरं तर पुढचं सगळं त्यावरच ठरतं. दोन्ही अंडाशयं गेली की त्यांच्यात तयार होणारं इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन एकदम कमी होतं, मग चाळिशीच्या आतच अंगातून वाफा, रात्री घाम, झोपेचं खोबरं, हाडं पण लवकर ठिसूळ व्हायला लागतात. मिरजेला दाखवलं की डॉक्टर इस्ट्रोजेन लिहून देतात आणि शेजारची कोणीतरी सांगते, अगं ते घेऊ नको, रक्ताच्या गुठळ्या होतात.

तिचं खोटं नाहीये, पण अर्धंच आहे.

गोळी गिळली की ती आतड्यातून आधी लिव्हरमध्ये जाते आणि रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनं लिव्हरच बनवतं. एवढं इस्ट्रोजेन एकदम आल्यावर काही गोठवणारे फॅक्टर वाढतात आणि गोठणं आवरणारी अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन एस सारखी प्रथिनं कमी होतात. जेल किंवा पॅच (कातडीला चिकटवायची औषधाची पट्टी) लावला तर औषध कातडीतून सरळ रक्तात उतरतं, लिव्हरवर तसा पहिला मारा बसत नाही. फ्रान्समधल्या एस्थर अभ्यासात आणि २०१९ मधल्या ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासातही गोळीवाल्या बायकांत गुठळ्या वाढलेल्या दिसल्या, पॅच-जेलवाल्यांत नाही. मला वाटतं डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारावा, की मला गोळीच का, जेल का नको?

आता धोका किती, तर २००२ मध्ये अमेरिकेत जी मोठी चाचणी मधेच थांबवली तिच्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (पिशवी असलेल्या बायकांना इस्ट्रोजेनसोबत देतात ते दुसरं हार्मोन) दोन्हीची गोळी घेणाऱ्या १०,००० बायकांमागं वर्षाला ३४ जणींना गुठळी झाली, औषध नसलेली नुसती नावाची गोळी घेणाऱ्यांत १६. म्हणजे दुप्पट, पण तरी कमीच, आणि त्या बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या, अडतीस वर्षांच्या बाईला तोच आकडा लावून घाबरवणं चुकीचं आहे. पहिल्या वर्षात धोका जास्त असतो. वजन जास्त असेल, आधी कधी गुठळी झाली असेल, आई-बहिणीला झाली असेल तर हे न विचारताच सांगून टाकायचं.

आणि एकाच पायाची पोटरी सुजली, दुखतेय, गरम लागतेय, तर शेतात चालून झालं असेल म्हणून बाम चोळत अंगावर काढू नका. डॉक्टर टेपनं दोन्ही पोटऱ्या मोजतात, ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक निघाला की संशय वाढतो, मग डॉपलर सोनोग्राफी (शिरेतलं रक्त नीट वाहतंय का ते दाखवणारी) करतात. अचानक धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत टोचलं तर गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते, तेव्हा उद्यावर ढकलायचं नाही, रात्र असली तरी तसंच गाडीत घालून दवाखाना गाठायचा.