गांजाच्या वैधीकरणाचे उजवे समर्थन (अमेरिका)

अमेरिकेत गांजावरची बंदी उठवण्याची मागणी साधारणपणे हिप्पींच्या आणि डाव्या विद्यार्थी चळवळींच्या नावावर मांडली जाते. उजव्या बाजूचा प्रवाहही जवळपास तितकाच जुना आहे आणि युक्तिवादाच्या दृष्टीने अधिक बांधेसूद. त्यात दोन गट येतात. प्रौढ माणसाने स्वतःच्या शरीराचे काय करावे हे सरकारने सांगू नये, असे मानणारे लिबर्टेरियन हा पहिला. दुसरा गट परंपरावाद्यांचा, मुख्यतः रिपब्लिकन पक्षाच्या आसपासचा. यांतल्या बहुतेकांना गांजा आवडत नाही. खटकतो तो बंदीचा खर्च, तिच्यापायी फुगलेली पोलिसी यंत्रणा आणि राज्यांच्या कारभारात केंद्र सरकारची ढवळाढवळ.

केंद्राने १९३७ मध्ये जबर कर लावून गांजा व्यवहारातून जवळजवळ हद्दपार केला. १९७० च्या कायद्याने त्याला हेरॉइनसोबत सर्वांत कडक, म्हणजे पहिल्या अनुसूचीत टाकले. पुढच्याच वर्षी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी अमली पदार्थांना देशाचा क्रमांक एकचा शत्रू ठरवले. त्यांनीच नेमलेल्या आयोगाने मात्र १९७२ मध्ये स्वतःपुरता गांजा बाळगणे हा गुन्हा मानू नये, अशी शिफारस केली. आयोगाचे अध्यक्ष रेमंड शेफर हे पेनसिल्व्हेनियाचे माजी रिपब्लिकन गव्हर्नर. निक्सन यांनी शिफारस झिडकारली.

त्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी ‘न्यूजवीक’मधल्या आपल्या स्तंभात बंदीवर हल्ला चढवला. प्रश्न त्यांनी दोन भागांत तोडला: बंदी घालण्याचा नैतिक अधिकार सरकारला आहे का, आणि असला तरी ती उपयोगी पडते का? पहिल्याचे त्यांचे उत्तर असे, की प्रौढ माणसाला समजावण्याचा हक्क आपल्याला आहे, बळजबरीचा नाही. दुसऱ्यासाठी त्यांनी १९२० ते १९३३ च्या दारूबंदीचा दाखला दिला. बंदीमुळे माल महागतो, महागल्यामुळे व्यसनी माणूस चोरीकडे वळतो, आणि नफा कायदा मोडणाऱ्यांच्याच खिशात जातो. हा युक्तिवाद पुढे या बाजूने इतक्यांदा उगाळला गेला, की त्याचा मूळ लेखक विसरला गेला. स्वतः फ्रीडमन शेवटपर्यंत त्यावर ठाम होते. बंदी उठवून गांजावर दारू-तंबाखूसारखा कर लावला, तर पोलिसी खर्चात वर्षाला ७.७ अब्ज डॉलर वाचतील आणि ६.२ अब्ज डॉलर महसूल येईल, असा हिशेब हार्वर्डचे जेफ्री मायरन यांनी २००५ मध्ये मांडला. त्यावर खुली चर्चा व्हावी, या पत्रावर सह्या करणाऱ्या पाचशेहून अधिक अर्थतज्ज्ञांत फ्रीडमन अग्रभागी होते.

परंपरावाद्यांत हीच भूमिका विल्यम बकली यांनी आणली, आणि ती पचवून घेणे तिथे जास्त अवघड होते. बकली कॅथलिक, ‘नॅशनल रिव्ह्यू’चे संस्थापक, आधुनिक अमेरिकी परंपरावादाचे जवळजवळ पीठाधीश. १९७२ च्या अखेरीस त्यांच्या पाक्षिकाने परंपरावाद्यांनी गांजाबद्दल फेरविचार करावा असे सांगणारा रिचर्ड कोवन यांचा लेख छापला आणि बकलींनी त्याला पाठिंबा दिला. गांजा आपण एकदा चाखला, पण कायदा मोडू नये म्हणून शिडाची बोट अमेरिकी सागरी हद्दीबाहेर नेऊन, असे ते सांगत. ‘नॅशनल रिव्ह्यू’ने १९९६ मध्ये अमली पदार्थांविरुद्धचे युद्ध आपण हरलो आहोत, असे अंकाद्वारे जाहीरच केले. वाचकवर्गातून निषेध झाला नसता तरच नवल.

सत्तेच्या खुर्चीवरून बोलणारे थोडे. न्यू मेक्सिकोचे रिपब्लिकन गव्हर्नर गॅरी जॉन्सन यांनी १९९९ मध्ये, पदावर असताना, वैधीकरणाची मागणी केली. नंतर ते २०१२ आणि २०१६ मध्ये लिबर्टेरियन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार झाले. टेक्ससचे रिपब्लिकन खासदार रॉन पॉल यांनी २०११ मध्ये डेमोक्रॅट बार्नी फ्रँक यांच्यासोबत केंद्रीय बंदी संपवण्याचे विधेयक आणले. ते पुढे सरकले नाही.

संसदेत आणि न्यायालयात खरे काम केले ते राज्यांच्या हक्कांच्या मुद्द्याने. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये वैद्यकीय गांजाला मुभा दिली होती. तिथल्या दोन रुग्ण स्त्रियांचा केंद्राच्या बंदीविरुद्धचा ‘गोन्झालिस विरुद्ध रेच’ हा खटला २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. त्यांची बाजू लिबर्टेरियन विधिज्ञ रँडी बार्नेट यांनी मांडली. गांजाला कट्टर विरोध असलेल्या अलाबामा, लुइझियाना आणि मिसिसिपी या राज्यांनीही रुग्णांच्याच बाजूने निवेदन दिले. धोरण चुकीचे असेल, पण ठरवायचा हक्क कॅलिफोर्नियाचा, एवढेच त्यांचे म्हणणे. सहा विरुद्ध तीन मतांनी केंद्र जिंकले. उजव्या न्यायमूर्तींत फूट पडली: अँटोनिन स्कालिया बहुमतासोबत गेले, तर क्लॅरन्स थॉमस यांनी विरोधी मत लिहिले. घरच्या घरी वाढवलेल्या, कधी विकल्या न गेलेल्या रोपट्यावर आंतरराज्य व्यापाराच्या नावाखाली (राज्यघटनेने केंद्राला या व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार दिला आहे) केंद्राचा अधिकार चालत असेल, तर मग कशावर चालणार नाही, हा त्यांच्या मताचा गाभा.

न्यायालयात हरलेला हा मुद्दा २०१४ मध्ये अर्थसंकल्पाच्या मार्गाने परत आला. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचे भाषणलेखक राहिलेले कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन डेना रोराबाकर यांनी डेमोक्रॅट सॅम फार यांच्यासह एक दुरुस्ती मांडली: राज्यांच्या वैद्यकीय गांजा कायद्यांत अडथळा आणण्यासाठी केंद्रीय न्याय खात्याने पैसा खर्च करू नये. प्रतिनिधीगृहात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, ती २१९ विरुद्ध १८९ मतांनी संमत झाली, ४९ रिपब्लिकनांच्या पाठिंब्याने. तिला दरवेळी नव्याने मुदतवाढ लागते.

राज्यांच्या हक्कांच्या या तत्त्वाचे पालन सगळेच करतात असे नाही. कोलोरॅडोत गांजा वैध झाल्यावर नेब्रास्का आणि ओक्लाहोमा या रिपब्लिकन राज्यांनी त्या राज्यावरच दावा ठोकला. राज्यांचे हक्क शेजाऱ्याच्या दारात आले की नकोसे होतात, एवढेच त्यावरून दिसले. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो दावा ऐकायला नकार दिला. लिबर्टेरियनांची तक्रार दुसऱ्या टोकाची आहे. परवाने, जड कर आणि नियम यांमुळे वैध माल महाग राहतो आणि चोरटा बाजार तग धरतो, म्हणून अनेक राज्यांतले वैधीकरण त्यांना अर्धवट वाटते.

लोकमत मात्र सरकले. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या १९६९ च्या पाहणीत १२ टक्के लोक वैधीकरणाच्या बाजूने होते. २०१७ मध्ये ६४ टक्के, आणि रिपब्लिकन मतदारांतही पहिल्यांदाच निसटते बहुमत. प्रतिनिधीगृहाचे माजी सभापती जॉन बेनर एकेकाळी कडवे विरोधक होते. २०१८ मध्ये ते एका गांजा कंपनीच्या सल्लागार मंडळावर गेले. फ्लोरिडात २०२४ च्या सार्वमतात डोनाल्ड ट्रम्प यांनी वैधीकरणाला मत देण्याचे जाहीर केले, तर त्यांच्याच पक्षाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी त्याविरुद्ध जोरदार प्रचार केला. बाजूने सुमारे ५६ टक्के मते पडली. लागत होती ६० टक्के.