शॉट आणि अँगल: खुर्चीतून उठलेल्या कॅमेऱ्याची पार्श्वभूमी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या मालिकांच्या सेटवर 'आधी मास्टर (संपूर्ण प्रसंग दाखवणारा शॉट), मग ओएस (एका पात्राच्या खांद्यावरून दुसऱ्याला दाखवणारा), शेवटी क्लोज (चेहरा जवळून)' हा क्रम दिवसभर चालू असतो आणि कलाकाराने नेमके कुठे थांबायचे, ते जमिनीवर चिकटवलेला टेपचा तुकडा ठरवतो. या दोन्ही गोष्टींची मुळे मूकपटांच्या काळापर्यंत जातात.

सुरुवातीचा कॅमेरा हा नाटकाचा प्रेक्षकच होता. गडकरी रंगायतनच्या मधल्या रांगेतून रंगमंच जसा अखंड दिसतो, तसेच १९०० च्या आसपासचे बहुतेक प्रसंग एकाच जागेवरून, पात्रे डोक्यापासून पायापर्यंत दाखवत चित्रित होत. इंग्लंडमध्ये जी. ए. स्मिथ यांनी १९०० मध्येच आजीचा डोळा पडदाभर दाखवला होता. मात्र तो नातवाच्या हातातल्या भिंगातून दिसतो, म्हणजे जवळून पाहायला अजून निमित्त लागत होते. १९१० च्या सुमारास अमेरिकेतील व्हिटाग्राफ कंपनीने कॅमेऱ्यापासून ९ फुटांवर रेघ आखून नटांना तिथपर्यंत पुढे येऊ दिले आणि साहजिकच त्यांचे पाय चौकटीबाहेर गेले. गुडघ्याशी कापलेल्या या चौकटीला फ्रेंचांनी 'अमेरिकन शॉट' असे नाव दिले. पुढेही गुडघा, कंबर, छाती, चेहरा अशा देहाच्याच मापांनी शॉट ओळखले जाऊ लागले, हे मला फार बोलके वाटते.

आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी 'कालिया मर्दन'च्या (१९१९) आरंभी आपली कन्या मंदाकिनी हिच्या चेहऱ्यावरचे बदलते भाव जवळून टिपले. व्ही. शांताराम यांनी 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) दूरचे जवळ आणून दाखवणाऱ्या टेलिफोटो लेन्सने राजगुरूचा डोळाच पडद्यावर आणला, तेव्हा स्मिथ यांच्या भिंगाची गरज उरली नव्हती.

कॅमेऱ्याची उंची बदलण्यात वेगळीच अडचण होती. स्टुडिओतल्या सेटला छत नसे, कारण वरून दिवे सोडायचे असत. त्यामुळे खालून वर पाहणारा कॅमेरा सगळे बिंग फोडी. ऑर्सन वेल्स आणि छायालेखक ग्रेग टोलंड यांनी 'सिटिझन केन'साठी (१९४१) कापडाची छते ताणली आणि कॅमेरा आणखी खाली नेण्यासाठी काही ठिकाणी जमीन फोडली. मालिकांच्या सेटवर आजही डोक्यावर बहुधा दिव्यांची जाळीच असते, त्यामुळे दिग्दर्शकाने लो अँगल मागितला की कॅमेरामन आधी वर बघतो.