पुठ्ठ्यावर पेन्सिलने लिहिलेलं 'जेम बीयू': चांदीच्या डॉलरच्या ग्रेडमागची गोष्ट

मागच्या वर्षी इथे न्यू जर्सीत एका कॉइन शोमध्ये मी माझा पहिला मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं, घेतला. १८८० चा, न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचा, मागच्या बाजूला पानांच्या हाराखाली बारीकसा 'ओ'. दोन इंची पांढरा पुठ्ठा, मधे प्लास्टिकची गोल खिडकी, कडेने स्टेपलरच्या पिना आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने 'जेम बीयू', म्हणजे कधीच चलनात न गेलेलं, एकदम वरच्या दर्जाचं. नाणं असं पांढरंशुभ्र चमकत होतं की मी घासाघीससुद्धा केली नाही. दोन महिन्यांनी पुन्हा शो होता, तेच नाणं त्याच टेबलावर नेलं, विकायचं नव्हतं पण विकलं तर किती येतील बघू म्हणून विचारलं, तर त्या माणसाने दिव्याखाली ते पाचेक सेकंद तिरकं धरलं आणि म्हणाला, हे घासलेलं आहे, चांदीच्या भावाने घेईन. पेन्सिल त्याचीच, अक्षर त्याचंच!

तेव्हा फार वाईट वाटलं, पण त्यामुळेच मी या ग्रेड, म्हणजे नाण्याच्या दर्जाच्या, प्रकरणाच्या मागे लागलो, आणि आता मनापासून वाटतं की नवीन माणसाने पहिला डॉलर घ्यायच्या आधी ही पार्श्वभूमी वाचायलाच हवी. वजन काट्यावर कळतं, चांदी कसाला लागते, ग्रेड मात्र कोणीतरी ठरवलेली असते, आणि ती कोणी ठरवली, कोणत्या साली ठरवली आणि ठरवताना तो विकत होता की घेत होता यावर सगळा खेळ आहे.

सुरुवात १८७३ पासून करावी लागते. त्या वर्षीच्या कायद्याने अमेरिकेत लोकांनी चांदी आणून द्यायची आणि सरकारने तिचे डॉलर पाडून द्यायचे ही पद्धत बंद झाली, आणि नेमकी त्याच सुमाराला नेवाडातल्या कॉमस्टॉक खाणींतून चांदी भरभरून निघत होती, त्यामुळे खाणवाले आणि त्यांचे खासदार खवळले. १८७८ मध्ये ब्लँड-ॲलिसन कायदा आला, सरकारने दर महिन्याला २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घ्यायची आणि तिचे डॉलर पाडायचे. इंग्लंडहून आलेला कोरीवकाम करणारा जॉर्ज मॉर्गन, त्याने काढलेला लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवीचा, चेहरा आणि मागे गरुड, म्हणून हा मॉर्गन डॉलर. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं. १८७८ ते १९०४ आणि मग एकदम १९२१.

आता गंमत अशी की हे डॉलर मुळात लोकांना फारसे नकोच होते. एवढं जड नाणं खिशात कोण बाळगणार, लोक त्याऐवजी चांदीच्या हमीच्या कागदी नोटा वापरायचे, आणि खरे डॉलर हजार-हजारच्या गोणपाटाच्या थैल्यांत भरून सरकारी तिजोऱ्यांत पडून राहिले. एक थैली जवळजवळ २७ किलोची. ती उचलायची, आपटायची, या तिजोरीतून त्या तिजोरीत न्यायची, आणि आतली नाणी एकमेकांवर आदळून लिबर्टीच्या गालावर खोका पडायच्या. म्हणजे नाणं बाजारात एक दिवस फिरलेलं नाही तरी गाल ओरबाडलेला. मॉर्गनच्या बाबतीत न वापरलेल्या नाण्यांमध्येही ६० पासून ६७-६८ पर्यंत (ग्रेडचे हे ७० पैकीचे आकडे, ते पुढे येतंच) एवढी भांडणं का, तर त्याचं मूळ या थैल्यांत आहे. बाकी जुन्या नाण्यांत न वापरलेलं सापडलं हीच मोठी गोष्ट असते, इथे न वापरलेली ढिगाने आहेत आणि त्यातलं चांगलं कुठलं हा प्रश्न आहे.

मधे एक वळण आहे ते आपल्याशी थेट जोडलेलं आहे म्हणून जरा थांबतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात ब्रिटिश सरकारचा चांदीच्या रुपयांचा साठा आटत चालला होता, लोक नोटा घेऊन येत आणि रुपये मागत, १९१७ च्या नोव्हेंबरमध्ये एक रुपयाची कागदी नोट काढायची वेळ आली ती त्यामुळेच. मग अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा केला आणि तिजोऱ्यांतले २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२ चांदीचे डॉलर वितळवले, त्यातले जवळपास २५ कोटी ९१ लाख डॉलर हिंदुस्थानासाठी. ती चांदी बोटीने आली आणि मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीत तिचे रुपये पाडले गेले. माझ्या आजीच्या डब्यात १९१८ चे राजा छाप रुपये होते, त्यात कुठेतरी मॉर्गन डॉलर विरघळलेला असू शकतो हे कळलं तेव्हा मी भारतातून त्या रुपयांचे फोटो मागवले आणि बराच वेळ बघत बसलो.

संग्राहकासाठी यातली महत्त्वाची गोष्ट ही की कुठल्या सालाचे, कुठल्या टांकसाळीचे किती डॉलर वितळवले याची नोंद कोणी ठेवली नाही. म्हणून विकणारा जेव्हा "या सालाचे फक्त एवढेच पाडले होते" असं ठासून सांगतो तेव्हा तो आकडा खरा असला तरी आज किती उरलेत हे त्यातून कळत नाही. उलटंही झालंय. १९०३ चा न्यू ऑर्लिन्सचा डॉलर दुर्मीळ म्हणून न वापरलेल्याची किंमत पंधराशे डॉलरच्या आसपास छापली जायची, १९६२ च्या शेवटी फिलाडेल्फियाची जुनी सीलबंद तिजोरी उघडली आणि त्यातून थैल्याच्या थैल्या बाहेर आल्या, भाव धाडकन कोसळला. लोक बँकांत आणि ट्रेझरीत रांगा लावून थैल्या नेऊ लागले, शेवटी मार्च १९६४ मध्ये सरकारने देणं बंद केलं तेव्हा तीसेक लाख नाणी उरली होती, बहुतेक कार्सन सिटी टांकसाळीची 'सीसी' वाली, ती १९७२ ते १९८० या काळात टप्प्याटप्प्याने विकली.

एवढी न वापरलेली नाणी एकदम बाजारात आल्यावर ग्रेडचे शब्द अपुरे पडायला लागले. पूर्वी गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि सगळ्यात वर अनसर्क्युलेटेड, बस. मग दुकानदारांनी आपापली विशेषणं जोडली, ब्रिलियंट अनसर्क्युलेटेड म्हणजे बीयू, चॉइस बीयू, जेम बीयू. याची व्याख्या कुठेही एकसारखी नव्हती, ज्याच्या हातात पेन्सिल त्याची व्याख्या. आणि स्वतःच्या ताकाला आंबट कोण म्हणणार?

आकडे आले ते वेगळ्याच वाटेने. विल्यम शेल्डन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांना जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटचा नाद. १९४९ मध्ये त्यांनी त्या सेंटसाठी १ ते ७० असा आकडा सुचवला, आणि तो मुळात दर्जाचा नव्हे तर किमतीचा हिशोब होता: सगळ्यात झिजलेलं, जेमतेम ओळखू येणारं नाणं एक डॉलरचं असेल तर ७० चं नाणं सत्तर डॉलरचं. दोन-चार वर्षांत बाजारभाव बदलले आणि तो हिशोब मोडला, पण आकडा मात्र चिकटून राहिला. हेच शेल्डन न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली सेंट काढून त्या जागी स्वतःची कमी दर्जाची ठेवत होते हे त्यांच्या पश्चात उघड झालं. ज्या माणसाने मोजपट्टी दिली त्यालाच मोह आवरला नाही, हे मला फार बोचलं, आणि कुठल्याही ग्रेडकडे मी आता जसा बघतो त्यात या गोष्टीचा वाटा आहे.

१९७७ मध्ये अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनने हा ७० चा आकडा सगळ्या अमेरिकन नाण्यांना लावला, तेव्हा न वापरलेल्या नाण्याला ६०, ६५ आणि ७० एवढ्याच पायऱ्या होत्या. ६३ नंतर आली, आणि ६० पासून ७० पर्यंतचा प्रत्येक आकडा वापरात यायला १९८६ उजाडलं. म्हणजे जुन्या पाकिटावर '६५' दिसला तर त्या काळी ६० आणि ७० च्या मधे लिहायला दुसरा आकडाच नव्हता हे लक्षात घ्यायचं.

याचं डोळ्यांना दिसणारं उदाहरण म्हणजे रेडफिल्डचा साठा. नेवाडातल्या रीनो गावचे लाव्हेर रेडफिल्ड १९७४ मध्ये गेले आणि त्यांच्या घरात चार लाखांहून जास्त चांदीचे डॉलर सापडले, १९७६ मध्ये ते ७३ लाख डॉलरला विकले गेले. त्यातले कित्येक विक्रेत्यांनी प्लास्टिकच्या डब्यांत घालून स्वतःच ६० किंवा ६५ छापून विकले. ते डबे आजही फिरतात, आणि आतलं ६५ चं नाणं आजच्या नजरेने बऱ्याचदा ६३ किंवा ६४ भरतं. नाणं तेच, डबा तेव्हापासून बंद, बदलली ती नजर.

ती बदलली कशी, तर १९८० च्या जानेवारीत टेक्सासच्या धनाढ्य हंट बंधूंच्या खरेदीमुळे चांदी औंसाला ५० डॉलरपर्यंत चढली, डॉलर नाण्यात साधारण ०.७७ औंस चांदी, त्यामुळे झिजलेले डॉलर भट्टीत गेले आणि चांगल्यांवर गुंतवणूकवाल्यांची झुंबड उडाली. तेजीत सगळ्यांनी सढळ हाताने ६५ वाटले. भाव पडल्यावर तेच लोक विकायला आले तेव्हा दुकानदार म्हणाले, छे, हे ६३. ६३ आणि ६५ मधला फरक काही सालांत पाच-दहा पट, लोकांचे हातपाय गळाले. यातूनच १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या सुरू झाल्या, ज्यांना त्या नाण्याच्या विक्रीतून काही मिळत नाही असे तिऱ्हाईत, नाणं बघून आकडा देणार आणि सीलबंद प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये घालणार, वर हमी. पण पुढे स्लॅबमध्येही सैल-कडक दिसायला लागलं, म्हणून २००७ पासून सीएसी आली, ती स्लॅबमधलं नाणं पुन्हा तपासून पटलं तर हिरवं स्टिकर लावते. ग्रेडवर ग्रेड!

तरीपण पुठ्ठ्यावरची पेन्सिल गेलेली नाही, शोमध्ये, ऑनलाइन, सगळीकडे आहे, आणि सगळे विकणारे लबाड असतात असं माझं मुळीच म्हणणं नाही, कितीतरी जण माझ्यापेक्षा शंभरपट प्रामाणिक नजरेने लिहितात. फक्त ते लिहिलेलं आपण स्वतः तपासता यायला पाहिजे.

माझ्या त्या १८८० च्या नाण्यावर आता काय दिसतं ते सांगतो. टांकसाळीत ठसा जोरात बसतो तेव्हा धातू मधून कडेकडे पसरतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात, म्हणून अस्सल न वापरलेलं नाणं एका दिव्याखाली हळूहळू फिरवलं की सायकलच्या आऱ्यांसारखी उजेडाची पट्टी गोल फिरते. माझ्या नाण्यावर उजेड फिरत नाही, सगळीकडे सारखा पसरतो, स्टीलच्या ताटावर पडतो तसा. भिंगाने बघितलं की गालापासून मोकळ्या जागेपर्यंत एकाच दिशेच्या केसासारख्या रेघा, फडका फिरवल्याच्या. आपण लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये चिंचेने नाहीतर टूथपेस्टने घासून लख्ख करतो ना, अगदी तेच, आणि घरच्या देव्हाऱ्यात ते शोभतंच, पण संग्राहकाच्या लेखी त्या नाण्याची ग्रेड तिथेच संपते. माझी सराफाच्या दुकानात तयार झालेली नजर पांढऱ्या चकाकीला भुलली.

दुसरी जागा कानाच्या वरचे केस आणि गरुडाची छाती. नाणं थोडंसं वापरलं की आधी तिथे घासतं आणि करडी छटा येते, असं ५८ चं नाणं 'बीयू' म्हणून खपवणं हा सगळ्यात जुना प्रकार. यात घोळ असा की न्यू ऑर्लिन्सला ठसा बऱ्याचदा हलका बसायचा, त्यामुळे कानावरचे केस मुळातच सपाट असतात. सपाट भागावरही ती फिरणारी चमक असेल तर ठसा हलका, चमक मेली असेल तर झीज. १८८४ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉलरसारखं साल असेल तर हा फरक फार महाग पडतो, कारण तो वापरलेला स्वस्तात मिळतो आणि वरच्या ग्रेडच्या न वापरलेल्याला लोक घराच्या किमती मोजतात, असं नाणं पुठ्ठ्यात कधीच घेऊ नये.

वजनकाटा, कॅलिपर आणि लोहचुंबक पण जवळ ठेवा, २६.७३ च्या खूप खाली किंवा वर गेलं तर पुढचं बघूच नका, नकली डॉलर पण येतात आणि नकली स्लॅबही, स्लॅबवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून फोटो जुळतो का ते बघायचं.

मी नंतर १८८१ चे सॅन फ्रान्सिस्कोचे तीन डॉलर स्लॅबमध्ये घेतले, ६२, ६४ आणि ६५. हे साल मुबलक आहे, ठसा सुंदर बसलेला असतो, आणि खालच्या ग्रेडला किंमत आवाक्यात. रोज रात्री जेवणं झाली की टेबललॅम्पखाली तिन्ही एका ओळीत ठेवतो, आकडे कागदाने झाकतो, बायकोला जागा बदलायला सांगतो आणि ओळखायचा प्रयत्न करतो. ६२ आता लगेच कळतो, गालावरच्या खोका मोजता येतात. ६४ आणि ६५ मधे अजून चुकतो.