हाय-रेझ प्लेअर इतक्या लवकर का उतरतो?

1979 साली आलेला सोनीचा पहिला वॉकमन दोन पेन्सिल सेलवर चालायचा. सेल उतरत आले की टेप रेंगाळायची, सूर जड व्हायचा. 1984 च्या डी-50 या सीडी प्लेअरला मोटर आणि लेझर दोन्ही पोसायचे होते. तो बाहेर न्यायचा तर सहा जाड सेलची वेगळी पेटी जोडावी लागे.

खरी हुशारी दिसली ती 2001 च्या आयपॉडमध्ये. 5 जीबीची हार्ड डिस्क असूनही तो दहा तास चाले, कारण आत 32 एमबीची मेमरी होती. डिस्क थोडा वेळ फिरून पुढची गाणी मेमरीत उतरवून घ्यायची आणि थांबायची. कानाशी धरला की बारीक घरघर ऐकू यायची, मग बराच वेळ काहीच नाही. त्या थांबण्यातच दहा तास साठवलेले होते. पुढे फ्लॅश मेमरी आली, फिरणारं काही उरलंच नाही, आणि बारकेसे प्लेअरही तासन्‌तास चालू लागले.

कमावलेले हे तास हाय-रेझने, म्हणजे सीडीपेक्षा जास्त बारकाईने साठवलेल्या संगीताने, परत खर्ची घातले. 2012 मध्ये आयरिव्हरचा अ‍ॅस्टेल अँड कर्न एके100 हा प्लेअर आला, पुढच्या वर्षी सोनीचा झेडएक्स1. झेडएक्स1चे आकडे बोलके आहेत: 128 केबीपीएसची एमपी3 वाजवली तर 32 तास, 24 बिट/192 किलोहर्ट्‌झची फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळता आटवलेली फाइल) वाजवली तर 16. बॅटरी तीच, तास निम्मे. सीडीवर सेकंदाला 1,411 किलोबिट असतात, इथे आटवण्याआधीचा मूळ प्रवाह 9,216 चा, म्हणजे साडेसहा पट.

पण सगळा दोष फायलींच्या माथी मारणं मला पटत नाही. महागड्या प्लेअरमध्ये डॅक (डिजिटल आकड्यांचा अ‍ॅनालॉग संकेत करणारी चिप), त्याची अचूक घड्याळं आणि हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर खूप खातात. चांगल्या अ‍ॅनालॉग अ‍ॅम्प्लिफायरमधून गाण्यातल्या शांत जागीही करंट वाहत असतो, म्हणून तर पाठ हाताला कोमट लागते. बॅलन्स्ड जोडणीत, म्हणजे जिथे एकच संकेत सुलट आणि उलट अशा दोन तारांतून जातो तिथे, तर दर चॅनलला दोन अ‍ॅम्प्लिफायर लागतात. गायक नील यंगच्या पोनो या प्लेअरला 2014 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर 62 लाख डॉलर मिळाले, आवाजाचं कौतुकही झालं, पण तो चालायचा जेमतेम आठ तास.

मग आलं अँड्रॉइड. सोनीच्या ए-50 मालिकेसाठी 45 तासांचा दावा होता. 2019 च्या अँड्रॉइडवरच्या ए-100 साठी तो 26 वर आला. स्ट्रीमिंगची सोय झाली, पण गाणं बंद असतानाही मागे काही ना काही जागं राहू लागलं. खोक्यावरचा आकडा वाचताना म्हणूनच कोणती फाइल, कोणता जॅक आणि पडदा चालू की बंद, हे आधी पाहावं.

वय हा वेगळाच प्रश्न. लिथियम बॅटरी काहीशे चार्जिंगनंतर झिजतेच. माझ्या एका जुन्या प्लेअरची बॅटरी फुगून पडदा एका कडेने नखभर वर आला. बॅटरी चिकटवलेली होती. दुरुस्तीवाल्याने मोजपट्टी लावून जाडी पाहिली आणि त्या मापाची मिळत नाही म्हणून परत दिला. अशा वेळी आयबासोचा 2013 चा डीएक्स50 हा प्लेअर आठवतो. त्याला गॅलेक्सी एस3 फोनची बॅटरी चालायची, आणि मागचं झाकण काढून ती घरीच बदलता यायची.